स्टाफ नर्सची मुलाखत: उत्तरं कशी तयार करावीत

बेळगावच्या मोठ्या रुग्णालयात अर्ज केलेला असो की निपाणी, चिक्कोडीकडच्या तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये, स्टाफ नर्सच्या मुलाखतीला समोर बहुधा तिघं असतात: मेट्रन (नर्सेसची प्रमुख), एखादे डॉक्टर आणि एचआरचा माणूस. एचआर कागद चाळतो, डॉक्टर दोन-चार प्रश्न टाकतात. घ्यायचं की नाही, यात मेट्रनच्या शब्दाला सगळ्यात जास्त वजन असतं. रात्री दोन वाजता वॉर्ड कुणाच्या भरवशावर सोडता येईल, एवढंच तिला बघायचं असतं. त्यामुळे व्याख्या घडाघडा म्हणणारी मुलगी मागे राहते आणि "मॅडम, आधी चढतं रक्त बंद करीन" असं पहिल्याच वाक्यात सांगणारी पुढे जाते.

हे टिपण जीएनएम (नर्सिंगची पदविका) आणि बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलामुलींसाठी आहे. तयारीला दहा-बारा दिवस पुरतात, पण रोज तासभर मोठ्याने बोलून सराव करायला हवा. मनातल्या मनात वाचलेलं उत्तर पॅनलसमोर तोंडातून बाहेर पडत नाही.

आधी हात, मग पुस्तक

"असं झालं तर काय कराल?" या प्रश्नाचं उत्तर एका ठरलेल्या क्रमाने द्यायची सवय लावा. माझा हात आधी कुठे जाईल, पेशंटमध्ये काय बघीन, कुणाला आणि कधी बोलवीन, काय करणार नाही आणि शेवटी काय लिहीन. कारण विचारलं तरच सांगायचं. क्रम चुकला की उत्तर बरोबर असूनही गुण जातात, कारण ऐकणाऱ्याला तुम्ही वॉर्डात उभे असल्याचं दिसत नाही.

नेहमीचा प्रश्न घ्या: पेशंटला रक्त चढवत असताना थंडी वाजून आली. उत्तर असं हवं: रक्त लगेच थांबवीन. कॅन्युला, म्हणजे शिरेतली नळी, काढणार नाही. सेट बदलून नॉर्मल सलाईनवर शीर चालू ठेवीन. ताप, नाडी, श्वास, बीपी, सॅच्युरेशन बघीन आणि डॉक्टरांना कळवीन. पिशवीवरचं नाव, नंबर, रक्तगट फाइलशी पुन्हा ताडून बघीन. पिशवी सेटसकट आणि पेशंटच्या रक्ताचा ताजा नमुना ब्लड बँकेकडे पाठवीन. लघवीचा रंग बघीन, वेळेसह नोंद करीन. एवढं मिनिटभरात बसतं.

त्यानंतर उपप्रश्न येतातच. पिशवी फ्रिजमधून काढल्यावर किती वेळात लावायची? तीस मिनिटांत. संपवायची कधी? चार तासांच्या आत. पहिली पंधरा मिनिटं धार हळू ठेवून पेशंटजवळ थांबायचं, कारण जीवघेणी रिअ‍ॅक्शन बहुधा याच वेळात दिसते. त्याच लाइनमध्ये डेक्स्ट्रोज का नको? तांबड्या पेशी फुटतात. रिंगर लॅक्टेट का नको? त्यातल्या कॅल्शियममुळे गुठळ्या होऊ शकतात.

याच पद्धतीने आणखी चार प्रसंग बसवून ठेवा: अचानक बेशुद्ध पडलेला पेशंट, इंजेक्शननंतर आलेली अ‍ॅलर्जी, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आणि झटके आलेली गरोदर बाई. बेशुद्ध पेशंटमध्ये आधी हाक, मग श्वास आणि नाडी एकाच वेळी जास्तीत जास्त दहा सेकंद, मग मदतीची हाक आणि कॉम्प्रेशन, म्हणजे छातीवर दाब. मोठ्या माणसात मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, 30 दाबांना 2 श्वास, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. अ‍ॅड्रिनलीन 1 मिलिग्रॅम शिरेतून, दर 3 ते 5 मिनिटांनी. अ‍ॅलर्जीत तेच औषध, पण वेगळ्या मार्गाने: 0.5 मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. या दोन डोसांची सरमिसळ फार होते आणि मेट्रन मुद्दाम दोन्ही लागोपाठ विचारते.

प्रसूती विभागासाठी गरोदरपणातल्या झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट पाठ हवं. आपल्याकडची अँपूल 50 टक्क्यांची, 2 मिलीत 1 ग्रॅम. 4 ग्रॅम शिरेतून म्हणजे 8 मिली औषध आणि 12 मिली नॉर्मल सलाईन, मिळून 20 मिली, सावकाश. त्याबरोबर दोन्ही नितंबांत 5-5 ग्रॅम खोल स्नायूत. पुढे दर चार तासांनी 5 ग्रॅम, पण त्याआधी तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो का (नी जर्क), श्वास मिनिटाला 16 किंवा जास्त आहेत का, गेल्या चार तासांत लघवी निदान 100 मिली झाली का. यातली एक जरी कमी पडली तर डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना बोलवायचं. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट, 10 टक्क्यांचं 10 मिली, शिरेतून हळूहळू. "डोस थांबवीन" हे न विचारता सांगितलंत, तर पुढचे दोन प्रश्न वाचतात.

शेतातून येणारे पेशंट

बेळगाव जिल्ह्यात ऊस, तंबाखू, भात आणि खानापूरचं जंगल आहे, त्यामुळे इथल्या कॅज्युअल्टीत दोन प्रसंग पुन्हा पुन्हा येतात: फवारणीचं औषध पोटात गेलेला माणूस आणि साप चावलेला माणूस. बंगळूर-पुण्याच्या प्रश्नसंचांत यांना फारशी जागा नसते; इथे मात्र हमखास विचारतात.

ऑरगॅनोफॉस्फरस या फवारणीच्या औषधाच्या विषबाधेत पहिलं पाऊल हातमोजे घालण्याचं. मग श्वासमार्ग मोकळा करणं, सक्शन, ऑक्सिजन. कपडे काढून अंग, केस, नखं साबण-पाण्याने धुवायची; हे विसरलं तर विष कातडीतून आत जातच राहतं. अ‍ॅट्रोपिनची अँपूल 0.6 मिलिग्रॅमची असते. सुरुवातीचा डोस 1.8 ते 3 मिलिग्रॅम म्हणजे तीन ते पाच अँपूल, आणि दर पाच मिनिटांनी तपासून गरज असेल तर दुप्पट. थांबायचं कधी, हा खरा प्रश्न. डोळ्यातली बाहुली मोठी झाली म्हणून थांबायचं नाही. छातीतली घरघर गेली, नाडी 80 च्या वर आणि वरचं बीपी 80 च्या वर आलं की अ‍ॅट्रोपिन पुरेसं झालं. उलट पेशंट बडबडायला लागला, अंग तापलं, पोटातले आवाज बंद झाले, तर ते जास्त झालंय. श्वासमार्ग सुरक्षित नसताना पोट धुवायला घेणार नाही, हेही सांगा.

सापाच्या केसमध्ये "करकचून दोरी बांधीन" असं चुकूनही म्हणू नका. हात-पाय हलू न देता ठेवायचा. अंगठी, बांगड्या, पैंजण सूज चढायच्या आधी काढायचे. दोरी बांधूनच आणला असेल तर ती एका झटक्यात सोडायची नाही. डॉक्टर, सलाईन आणि श्वासाची तयारी हाताशी ठेवूनच सोडायची. नंतर वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी: शिरेतलं 2 मिली रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत, वीस मिनिटं अजिबात न हलवता, मग एकदाच तिरपं करून बघायचं. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी वापरली तर निकाल फसवतो. रक्त गोठलं नाही, तर डॉक्टरांच्या आदेशाने अँटिव्हेनम (विषावरचा उतारा), सुरुवातीला साधारण 10 व्हायल तासाभरात. लहान मुलालाही तेवढाच डोस, कारण सापाने ओतलेलं विष मुलाचं वय बघून कमी होत नाही. सुरू करण्यापूर्वी अ‍ॅड्रिनलीन सिरिंजमध्ये भरून ठेवायचं आणि पहिली पंधरा मिनिटं खाटेपाशी उभं राहायचं. चाचणी सहा तासांनी पुन्हा.

हिशेब

बऱ्याच जागी कागद-पेन पुढे सरकवून एक-दोन गणितं घालतात. मोबाइल मिळत नाही. चार प्रकार घोटले की पुरे.

पहिला थेंबांचा. 500 मिली सलाईन चार तासांत, सेट मिलीला 20 थेंबांचा. 500 गुणिले 20, भागिले 240 मिनिटं, म्हणजे 41.7, म्हणजे मिनिटाला 42 थेंब. मायक्रोसेट मिलीला 60 थेंबांचा असल्याने त्यात तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब.

दुसरा औषध ओढण्याचा. व्हायलमध्ये 2 मिलीत 80 मिलिग्रॅम, हवेत 60. साठ भागिले ऐंशी गुणिले दोन, म्हणजे 1.5 मिली.

तिसरा मुलांच्या वजनाचा. पॅरासिटामॉल किलोला 15 मिलिग्रॅम, मूल 12 किलोचं, म्हणजे 180 मिलिग्रॅम. सिरप 5 मिलीत 125 असेल तर 7.2 मिली, 250 असेल तर 3.6 मिली. बाटलीवरची ताकद न विचारता आकडा सांगणारा उमेदवार इथे अडकतो. प्रश्नात ताकद दिलेली नसली तर "मॅडम, बाटली किती ताकदीची?" हेच बरोबर उत्तर.

चौथा इन्सुलिनचा. आपल्याकडच्या व्हायल बहुतेक 1 मिलीत 40 युनिटच्या, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. 100 युनिटची सिरिंज केशरी टोपणाची. 40 च्या व्हायलमधून केशरी सिरिंजने 40 च्या खुणेपर्यंत ओढलं तर आत येतं 0.4 मिली, म्हणजे फक्त 16 युनिट. उलटी चूक, म्हणजे 100 चं इन्सुलिन लाल सिरिंजने, अडीचपट डोस देते आणि पेशंटची साखर धोकादायक खाली जाते.

आयसीयूसाठी अर्ज असेल तर पंपाचं, म्हणजे ठरल्या वेगाने औषध सोडणाऱ्या यंत्राचं, गणितही करा. नॉरअ‍ॅड्रिनलीन 4 मिलिग्रॅम 50 मिलीत, म्हणजे 1 मिलीत 80 मायक्रोग्रॅम. 60 किलोच्या पेशंटला मिनिटाला किलोमागे 0.1 मायक्रोग्रॅम हवं तर मिनिटाला 6, तासाला 360, म्हणजे पंपावर तासाला 4.5 मिली. पोटॅशियम क्लोराइडबद्दल विचारलं तर पहिलं वाक्य एकच: ते थेट शिरेत कधीही ढकलायचं नाही, पातळ करून ठरल्या वेगानेच.

पटकन विचारले जाणारे

कॅन्युलाचे रंग: 18 हिरवी, 20 गुलाबी, 22 निळी, 24 पिवळी. कचऱ्याच्या पिशव्या, 2016 च्या नियमांनुसार: रक्ताळलेला कापूस आणि मुदत संपलेली औषधं पिवळ्यात, सलाईनचे सेट, कॅथेटर, हातमोजे लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काचेच्या व्हायल आणि अँपूल निळ्यात. सुई टोचली तर पिळायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं, लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा 72 तासांत, आणि 28 दिवस. पेशंटची ओळख दोन खुणांनी, नाव आणि यूएचआयडी, म्हणजे रुग्णालयाने पेशंटला दिलेला नंबर. खाटेचा नंबर ओळख म्हणून चालत नाही. सीओपीडीच्या, म्हणजे फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या पेशंटमध्ये सॅच्युरेशन 88 ते 92 वर समाधान मानायचं.

प्रात्यक्षिकात बीपी घ्यायला लावलं तर थेट स्टेथोस्कोप लावू नका. दंडाला बांधायच्या कफचं माप बघा, हात हृदयाच्या पातळीत ठेवा, आधी नाडी चाचपून वरचा आकडा काढा, त्याच्याहून 30 ने जास्त फुगवा आणि सेकंदाला 2-3 अंशांनी हवा सोडा. नाडी न चाचपणाऱ्यांना मधेच आवाज बंद होतो त्या टप्प्यात फसायला होतं आणि परीक्षक तिथेच बघत असतो.

"कन्नड बरत्तेन्री?"

म्हणजे "कन्नड येतं का?" हा प्रश्न येणार, आणि तो वादासाठी नसतो. अथणी, गोकाक, रायबागकडचा पेशंट कन्नड बोलतो. खानापूर, निपाणी, शिवाय चंदगड, गडहिंग्लजहून येणारा मराठी. शहरातला बराच वर्ग हिंदी किंवा दखनी. कन्नड अर्धवट येत असेल तर "हो, सगळं येतं" म्हणू नका, पुढचा प्रश्न कन्नडमधूनच येईल. "स्वल्प बरतदरी, कलियाकत्तेनि" (थोडं येतं, शिकतेय) हे खरं उत्तर चांगलं ऐकू जातं. शिवाय पेशंटला विचारायची दहा-बारा वाक्यं तयार ठेवा: निम्म हेसरेनरी (तुमचं नाव काय), एल्लि नोवु ऐत्री (कुठे दुखतं), एष्ट दिनदिंद ऐत्री (किती दिवसांपासून आहे), ऊट आयतेनरी (जेवण झालं का). ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं आहे का हे विचारता आलं नाही, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांची अडचण होते. मेट्रनला त्याचीच काळजी असते. सीमेच्या राजकारणावर मत विचारलं तर "पेशंट ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत बोलीन" एवढं म्हणून थांबायचं.

नातेवाईकांचा प्रसंगही याच ओघात येतो. खाटेभोवती आठ माणसं, एक काका आवाज चढवून म्हणतात, "सिस्टर, सलाईन लई हळू पडालंय की, जरा वाढवा." धार वाढवायची नाही आणि वादही घालायचा नाही. त्यांना एका बाजूला घ्यायचं, किती वेळात संपवायची आहे आणि घाई केली तर छातीत पाणी होऊ शकतं हे दोन वाक्यांत सांगायचं, ऐकलं नाही तर डॉक्टरांना बोलवायचं, शेवटी सिक्युरिटी. हा क्रम उलटा केलात, म्हणजे आधी सिक्युरिटी, तर पॅनलला तुमचा स्वभाव कळतो.

तुमच्याबद्दलचे प्रश्न

"स्वतःबद्दल सांगा" याला दीड मिनिट. कुठून शिकलात, कोणकोणत्या वॉर्डात पोस्टिंग केलं, कोणतं काम एकटीने जमतं, कोणतं अजून देखरेखीखाली करता. वडिलांचं नाव, भावंडं, छंद कुणी विचारलेले नसतात. फ्रेशर असाल तर केस बुकमधले आकडे खरे सांगा. "सगळं येतं" म्हटलं की लगेच विचारतात: एनजी ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी) आत कुठे गेली हे कसं ओळखाल? तिथे छातीचा एक्स-रे आणि ओढलेल्या द्रवाचा पीएच सांगता यायला हवा.

"तुमच्या हातून चुकीचं औषध गेलं तर?" हा प्रश्न प्रामाणिकपणा बघण्यासाठी असतो. आधी पेशंटपाशी जाईन, व्हायटल्स बघीन, डॉक्टरांना औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ सांगीन, आदेशाप्रमाणे उपचार करीन, इन्सिडंट फॉर्म भरीन. फाइलमध्ये खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. "माझ्याकडून कधी चूक होत नाही" यावर कुणीच विश्वास ठेवत नाही.

आधीची नोकरी का सोडली, याला पगार, घर बदललं, शिकायचं होतं असं एक खरं कारण द्या. जुन्या मेट्रनची गाऱ्हाणी इथे काढू नका. पुढच्या नोकरीत तुम्ही याच मेट्रनबद्दल असंच बोलाल, असं तिला वाटतं. मधे वर्ष-दोन वर्षं घरी असाल, बाळंतपण असेल, तर लपवायची गरज नाही. त्या काळात सीपीआरचं प्रमाणपत्र घेतलं असेल तर तेवढं जोडा.

रात्रपाळीबद्दल गोलमोल बोललात तर घेणार नाहीत. खानापूर किंवा येळ्ळूरहून येणार असाल तर "रात्री बस नसेल तेव्हा हॉस्टेलला राहीन" किंवा "शहरात खोली बघितली आहे" असं नेमकं सांगा.

कागद

कर्नाटकात काम करायचं तर कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. कोल्हापूर, मिरज, सांगलीला शिकलेल्यांची नोंद महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची असते. त्यांनी तिकडून ना-हरकत घेऊन इथल्या नोंदणीचा अर्ज मुलाखतीआधीच करावा आणि पावती फाइलमध्ये ठेवावी. "करीन" पेक्षा पावती बोलते. नूतनीकरणाची तारीख संपली असेल तर एचआर तिथेच थांबवतो.

नावाची भानगड आपल्याकडे फार. एसएसएलसीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, आधारवर पूर्ण नाव आणि आडनाव, लग्नानंतर तिसरंच. नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून सगळ्या कागदांच्या मागे लावा. कागदांवर कुठे बेळगाव, कुठे बेळगावी असेल तर घाबरू नका, शहराचं अधिकृत नाव 2014 च्या नोव्हेंबरपासून बदललंय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मूळ कागद एका फाइलमध्ये, झेरॉक्सचे दोन संच दुसऱ्या. अनुभवाचं पत्र, रिलीव्हिंग लेटर, हेपटायटिस बी लसीची नोंद, चार फोटो.

पगाराचं बोलणं

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हणतात. तेव्हा गप्प बसू नका. कोणत्या वॉर्डात टाकणार, एका शिफ्टला किती पेशंट एका नर्सकडे, महिन्याला किती नाइट, प्रशिक्षण काळात पूर्ण पगार की कमी, हे विचारा. पगाराचा आकडा सांगितला की हातात किती येणार हे वेगळं विचारावं. पीएफला मूळ पगाराच्या 12 टक्के कापले जातात; एकूण पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयसाठी (कर्मचारी विमा) 0.75 टक्के. त्याशिवाय हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म यांची कपात असू शकते.

बॉन्ड असेल तर किती महिन्यांचा, मधेच सोडलं तर किती भरावं लागेल आणि नोटीस किती दिवसांची, हे तोंडी नाही, नेमणूक पत्रात बघा. मूळ प्रमाणपत्रं जमा करायला सांगितली तर आधी झेरॉक्सवर भागतं का विचारा. ठेवावीच लागली तर कोणकोणती दिली त्याची यादी, तारीख, सही आणि शिक्का असलेली पोच हातात आल्याशिवाय टेबलावरून उठू नका, आणि त्या पोचेचा फोटो लगेच घरी पाठवून ठेवा.